रुमालाखाली

पावतीवर नाव लिहायचं असतं. लिहिलं नाही.
तिनं काउंटरवर मोबाईल ठेवला
तेव्हा मी नखं पाहिली,
जांभळी, पार मुळापर्यंत.
कुठं कामाला, हे विचारायची गरज उरली नाही.

"लाइव्ह करायचंय," म्हणाली,
"पण मी कोण ते कळाय नको."

राजारामपुरीतलं माझं दुकान दहा बाय आठ.
शटर अर्धं ओढलं.
ती सांगत गेली:
रात्री साडेबारानंतर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला
पाइपाचं तोंड सोडतात,
उजाडायच्या आत फेस पुढं जातो,
उताणे मासे कोण तरी जाळीनं भरून नेतं.
गेल्या साली एकानं व्हिडिओ दिला होता.
साहेब म्हणाले, जुना हाय, आपल्या नदीचा न्हाईच.
आठ दिवसांनी त्या एकाचं कार्ड
गेटवर चालेना.

मी आडवळणाचं जाळं लावून दिलं.
समजावलं, तुझी चिठ्ठी तिघांच्या हातून जाते:
पहिल्याला तू ठाऊक,
शेवटच्याला पत्ता,
मधल्याला नुसते आपले दोन शेजारी.
"म्हंजे रुमालाखालचा सौदा," ती लगेच म्हणाली.
तिचा बाप यार्डात गुळाचे रवे उचलायचा.
वर कापड, आत बोटं,
चारचौघांत भाव ठरायचा आणि चारचौघांना कळायचा नाही.

मग चाचणी घेतली.
मी हात हलवला.
पडद्यावरचा हात चौदा सेकंदांनी हलला
आणि कोपरात मोडला.
त्यावर ते गोल फिरू लागलं,
ऊस न घालता चरक फिरावा तसं,
रस नाही, चिपाड नाही, नुसती घरघर.

"सरळ लावा की मग."
सरळ लावलं तर पाणी दिसेल झकास,
आणि तुझा उंबराही.
ती गप्प झाली.
मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो:
आवाज तर बंदच कर,
तुझं 'हाय' नि 'न्हाई' ऐकून पोरगंसुद्धा गाव सांगंल,
शिवाय शिफ्टचा भोंगा,
शिवाय पलीकडच्या गोठ्यातली ती हंबरणारी.
जरा हसली.
पण लाइव्ह नाही तर पुरावा कसला?
उद्या दाखवलेलं कालचंच ठरतं.

तेवढ्यात शेजारच्या टपरीवरून कोण तरी ओरडलं,
"ओपन काय आला रं?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

क्लोज बारानंतर फुटतो.
त्याआधी तो आकडा कुणाच्या बापाला माहीत नाही,
साहेबाच्याही नाही.
दगडावर खडूनं लिहायचा, डाव्या हातानं,
दगडामागं पाइप, पाइपातून जे येईल ते.
आज रात्रीचा आकडा
गेल्या सालच्या फोटोत कसा असंल?
आणि फोटोला घाई नसते.
तो हळू जाईना का, तिघांच्या हातून, विचारत विचारत.
निघताना मी रबरी हातमोजे दिले.
पैसे घेतले. न घेतले असते तर लक्षात राहिलो असतो.

त्या रात्री मी जागा होतो.
एक वाजून वीस मिनिटांनी पहिला फोटो उतरला, पट्टी-पट्टीनं,
आधी आभाळ, मग आकडा,
मग ते पाणी.
दुसरा पावणेदोनला.
शेवटचा आला तेव्हा उजाडत होतं,
ती डेअरीच्या रांगेत किटली घेऊन उभी असेल.
असेल म्हणतो. मला ठाऊक नाही, ते बरंच आहे.

चार दिवसांनी त्यांचा सुपरवायझर आला,
स्क्रीनगार्ड बदलायला.
"कोण असंल हो हे?" म्हणाला. "गावात तर मटका समदेच खेळत्यात."
मी काचेखालचे बुडबुडे
अंगठ्यानं कडेला सारत राहिलो.
एक राहिला. तो म्हणाला, असू दे.

हे लिहिताना
गल्ली बदलली आहे, पाइपाची वेळ बदलली आहे.
नखांचा रंगही
जांभळा नव्हता.